मागे ऐकू येतंय का

यीबिनच्या कामगार भवनात एकतीस वर्षं
माइक माझ्या ताब्यात होता.
बोलणारे बदलले, सुरुवात बदलली नाही:
सन्माननीय नेतेमंडळी, सन्माननीय पाहुणे,
सन्माननीय सहकारी,
वेळेचं भान ठेवून मी फक्त दोन वाक्यं बोलतो.
पहिलं वाक्य संपेस्तोवर
कपांवरची झाकणंसुद्धा गार.

पडद्यामागे बसून मी सूर्यफुलाच्या बिया फोडायचो.
एका सन्माननीयला एक.
चांगल्या सभेत मूठभर टरफलं निघत.

पण कधीकधी
बी दातांतच राहिली.

गवंडी पू चांगगंग. नदीकाठची गल्ली पाडायची होती,
त्याची सभा.
आमच्याकडे नम्र माणूस आधी म्हणतो,
मी आपली वीट टाकतो, जेड तुम्ही काढा.
सगळेच म्हणतात. वीट कुणी बघितलेली नसते.
पूनं पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली.
माइकनं ती ऐकली,
सगळ्या भिंतींनी ऐकली: धप्प.
म्हणाला, ही माझ्या चुलीमागची.
वीट मी टाकली. आता बघू.
पहिल्या रांगेतले सगळे
आपापल्या चहात वाकून काहीतरी शोधू लागले.
टेबलावर खोच पडली ती अजून आहे.
गल्ली नाही.

शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत ग्वान शिन,
वय अकरा, बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या.
इतर मुलं नदी, मातृभूमी, वसंत यांच्यापासून निघाली.
ही हवेत बोटानं अक्षर काढत म्हणाली,
माझ्या नावात सोनं तीनदा लिहावं लागतं.
पत्रिकेत धातू कमी, असं ज्योतिषी म्हणाला होता.
घरात एकदाही नाही.
मग तिला हसू आलं, आम्हालाही,
आणि परीक्षकांना कळेना हे गुण कुठल्या रकान्यात घालायचे.
चौथी आली.

एकाची तर मीच वाट लावली.
यान गुरुजी. डोंगरातली त्यांची शाळा
मोठ्या शाळेत विलीन झाली, तो निरोपाचा कार्यक्रम.
ते उभे राहिले आणि गप्प.
दहा सेकंद. वीस.
मला वाटलं, वायर गेली.
पेचकस घेऊन धावलो, त्यांच्या हनुवटीखाली शिरलो,
नखानं दोनदा टकटक: वेइ, वेइ!
सभागृह हसलं.
गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त टेबलावरचं बोट उचललं.
ते बोट मला खूप उशिरा समजलं.
मनातल्या मनात हजेरी चालली होती,
एकेक नाव, एकेक इंच.
मी कितव्या मुलावर आडवा आलो,
विचारायला गेलो तर ते मुलाकडे, चोंगचिंगला गेलेले.

त्यानंतर कुणी गप्प उभं राहिलं
तर मी हात मागे बांधून घ्यायचो.
त्यातले बरेचसे खरंच विसरलेले असत. असोत.

गेल्या डिसेंबरात माझी निवृत्ती.
लाल कापड, संत्री, माझ्या नावातलं एक अक्षर चुकलेलं.
संचालक म्हणाले, आज तुम्हीही दोन वाक्यं बोला.
रात्रभर जागून मी सुरुवात ठरवली होती,
खिशात घडी करून:
बायकोनं वाचली, म्हणाली, सन्माननीय फार झालेत.

चढलो. कागद काढायचा सोडून
हात आपणहून माइकपाशी गेला.
टकटक.
वेइ, वेइ. मागे ऐकू येतंय का?

एकतीस वर्षं रोज सकाळी मी हे
रिकाम्या खुर्च्यांना विचारलं होतं.
आज खुर्च्या भरलेल्या
आणि अगदी शेवटून, दाराशी झाडू टेकवून उभी असलेली
तंग मावशी
अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडली,
नाही!

सगळे माझ्याकडे बघत होते.
आणि मी
वायर तपासायला खाली वाकलो.